खगोलभौतिकी शिकायचीय? बारावीनंतर संस्था निवडताना काय बघायचं

बारावीचा निकाल लागला की ‘बी.एस्सी. ॲस्ट्रोफिजिक्स कुठे आहे?’ अशी शोधाशोध सुरू होते. त्या नावाच्या पदव्या भारतात मोजक्याच आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा खासगी विद्यापीठांच्या. पण पुढे ज्यांचं दार ठोठावायचंय त्या पुण्यातल्या आयुका आणि एनसीआरए, मुंबईची टीआयएफआर, बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, अहमदाबादची पीआरएल, नैनितालची एरीज या संशोधन संस्थांना पदवीच्या नावाशी फारसं देणंघेणं नसतं. पीएच.डी.साठीच्या जेस्ट, टीआयएफआरची जीएस, आयुका-एनसीआरएची आयनॅट या परीक्षांत कस लागतो तो मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, क्वांटम मेकॅनिक्स, थर्मल आणि सांख्यिकीय भौतिकी, गणिती पद्धती यांचा. तारे-दीर्घिकांचा पद्धतशीर अभ्यासक्रम पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात त्याच संस्था शिकवतात.

म्हणून पदवीला शोधायचा तो भौतिकशास्त्राचा दणकट विभाग. खगोलशास्त्राचे एक-दोन ऐच्छिक विषय आणि शेवटच्या वर्षी त्यातला एखादा प्रकल्प मिळाला की पुरे. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः महाराष्ट्र-गोव्यातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना समोर ठेवून.

पहिली पायरी: किती वर्षं द्यायची तयारी आहे?

संशोधक व्हायचं तर हिशेब सरळ आहे. पदवी आणि पदव्युत्तर मिळून पाच वर्षं, पीएच.डी.ची पाच-सहा, आणि त्यानंतर पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन). घरात हा आकडा आजच बोलून घ्या. तिसऱ्या वर्षाला बोलणं सुरू झालं की भांडणं होतात. पाच वर्षं सलग द्यायची तयारी असेल तर बीएस-एमएस किंवा इंटिग्रेटेड एम.एस्सी. उत्तम. मन डळमळीत असेल तर तीन-चार वर्षांची बी.एस्सी. बरी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी साधी पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळते. चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के असतील तर यूजीसीच्या नियमांनुसार थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. संस्था मात्र स्वतःची अट वेगळी ठेवू शकते, हे धरून चला.

‘आधी इंजिनिअरिंग, मग बघू’ हाही रस्ता आहे आणि तो बंद नाही. आयुकासारख्या संस्था बी.ई.-बी.टेक. झालेल्यांचे अर्ज घेतात. अडचण एवढीच की क्वांटम आणि सांख्यिकीय भौतिकी स्वतःच्या बळावर शिकावी लागते, तीही सबमिशन आणि प्लेसमेंटच्या गडबडीत.

दुसरी पायरी: बारावीचे विषय

गणित सोडू नका. पीसीबी घेतलेल्या मुलाला आयसरची (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची) प्रवेश परीक्षा देता येते, पण गणिताशिवाय भौतिकशास्त्रात टिकणं जवळपास अशक्य. उलट बाजूने, पीसीएमच्या मुलांना जीवशास्त्राची धास्ती असते. आयसरच्या आयएटी परीक्षेत भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ असे ६० प्रश्न असतात. वेळ तीन तास, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलेल्याला उणे १, एकूण २४०. जीवशास्त्राला हातच लावला नाही तर १८० पैकीच खेळायचं. त्यापेक्षा एनसीईआरटीची जीवशास्त्राची पुस्तकं महिनाभर वाचली तर पंधरापैकी पाच-सहा प्रश्न खात्रीने सुटतात, आणि त्या वीस-चोवीस गुणांनी यादीतली जागा बरीच वर सरकते. उरलेले प्रश्न कोरे सोडा.

राज्य मंडळाच्या मुलांनी आणखी एक करावं. या परीक्षांचा पाया एनसीईआरटीचा आहे. आपल्या पुस्तकातली प्रकरणं बरीचशी तीच असली तरी क्रम आणि खोली वेगळी आहे, तेव्हा भौतिक आणि रसायनची एनसीईआरटी शेजारी ठेवूनच तयारी करा.

तिसरी पायरी: कोणती दारं, कोणत्या किल्ल्या

आयसर सात आहेत: पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि ब्रह्मपूर. पुणे आणि कोलकाता २००६ची, ब्रह्मपूर सर्वांत धाकटं, २०१६चं. प्रवेश आता फक्त आयएटीतून होतो; केव्हीपीवाय शिष्यवृत्ती आणि जेईई ॲडव्हान्स्डचे जुने मार्ग बंद झालेत, तरी जुनी माहिती अजून फिरत असते. सातही ठिकाणी भौतिकशास्त्र चांगलं आहे. खगोलाचा कल मात्र जागेनुसार बदलतो. कोलकात्यात सूर्य आणि अवकाश-हवामानावर काम करणारं सेसी हे केंद्र आहे. पुण्याचं आयसर पाषाणला, तर आयुका आणि एनसीआरए गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात, म्हणजे पाचव्या वर्षाचा प्रबंध तिथल्या मार्गदर्शकाकडे करणं सोयीचं. बाकीच्या आयसरची मुलंही तसा प्रबंध करतात, फक्त त्यांना राहण्याची सोय बघावी लागते.

नायसर भुवनेश्वर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातलं सीबीएस (सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेस) ही अणुऊर्जा विभागाशी जोडलेली दोन ठिकाणं. दोन्हीकडे पाच वर्षांची इंटिग्रेटेड एम.एस्सी. आणि दोन्हींसाठी नेस्ट ही एकच परीक्षा, पण गुणवत्ता यादी वेगवेगळी. नायसरच्या जागा दोनशेच्या आसपास, सीबीएसच्या साठच्या आसपास. सीबीएसचं नाव महाराष्ट्रातच पुरेसं माहीत नाही, याचं नवल वाटतं. टीआयएफआर आणि बीएआरसीचे शास्त्रज्ञ तिथे येऊन शिकवतात, वर्ग लहान असतो आणि पदवी मुंबई विद्यापीठाची मिळते. मोठं हिरवंगार कॅम्पस हवं असणाऱ्यांनी मात्र आधी जाऊन बघून यावं.

बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये चार वर्षांची संशोधनाधारित बीएस आहे. आयएटी किंवा जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर प्रवेश, आणि जागा कमी म्हणून कटऑफ चढा.

तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत (अवकाश विभागाच्या अवकाश विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत) पाच वर्षांचा एक दुहेरी पदवीचा अभ्यासक्रम आहे: बी.टेक. इंजिनिअरिंग फिजिक्स आणि पुढे एमएस किंवा एम.टेक., त्यात खगोलशास्त्र व खगोलभौतिकीचा पर्याय. प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डच्या आधारे. ‘तिथून पास झालं की इस्रोत नोकरी पक्की’ हे ऐकून कुणी फॉर्म भरत असेल तर थांबा. ती नोकरी अवकाश विभागाच्या गरजेवर आणि तुमच्या गुणांवर ठरते. शिवाय इस्रोत भरती होणाऱ्यांत अभियंतेच जास्त असतात. कृष्णविवरांवर संशोधन करायला लोक तिथे जात नाहीत.

आयआयटींपैकी मुंबईत इंजिनिअरिंग फिजिक्सची बी.टेक. आहे आणि कानपूरला भौतिकशास्त्राची चार वर्षांची बीएस. आयआयटी इंदूरमध्ये तर खगोलशास्त्र, खगोलभौतिकी आणि अवकाश अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभागच आहे. गोव्यात झुआरीनगरला बिट्सच्या आवारात एम.एस्सी. फिजिक्ससोबत दुसरी बी.ई. अशी दुहेरी पदवी करता येते. बिटसॅट ही त्यांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि फी जबर आहे. गणिताची ओढ भौतिकीइतकीच असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची गणित-भौतिकी ऑनर्स बघा. त्यांची परीक्षा वेगळी असते आणि घोकंपट्टीने सुटत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या सेंट स्टीफन्स, हिंदू, मिरांडा हाउस या कॉलेजांची फिजिक्स ऑनर्स नावाजलेली आहे. तिथे सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा लागते.

आणि मग आपली कॉलेजं. पुण्यात फर्ग्युसन, एस.पी., मॉडर्न. मुंबईत झेवियर्स, रुईया, विज्ञान संस्था. नागपूरची विज्ञान संस्था. गोव्यात मडगावचं चौगुले. यांना ‘दुसरी पसंती’ म्हणून हिणवायचं कारण नाही; नीट वापरली तर इथूनही थेट आयुका-टीआयएफआरपर्यंत पोचता येतं. कसं, ते पुढे.

चौथी पायरी: अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा

हे काम कुणी करत नाही आणि खरी माहिती तिथेच असते. संस्थेच्या संकेतस्थळावरून सगळ्या सत्रांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. विषयांची नावं वाचून समाधान मानू नका. प्रत्येक विषयाला किती क्रेडिट आहेत ते पाहा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. ‘विद्युतचुंबकत्व, २ क्रेडिट’ याचा अर्थ सत्रभरात फक्त ३० तास. तेवढ्यात स्थितविद्युतापासून मॅक्सवेलच्या समीकरणांपर्यंत धावत जावं लागतं, आणि प्रारणाचं (रेडिएशनचं) प्रकरण हमखास राहून जातं. खगोलशास्त्रात येणारी जवळजवळ सगळी माहिती प्रारणातूनच येते, तेव्हा ही गळती महागात पडते. विद्युतचुंबकत्वाचे दोन विषय मिळून ९० तासांच्या वर जात असतील तर विभाग गंभीर आहे असं समजा.

क्वांटम मेकॅनिक्स दोन सत्रं हवं: पहिल्यात हायड्रोजन अणूपर्यंत, दुसऱ्यात कोनीय संवेग, स्पिन आणि पर्टर्बेशन थिअरी. सांख्यिकीय भौतिकीत फर्मी आणि बोस वितरणं शिकवतात का, ते शोधा. श्वेतबटू ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींपलीकडे का जाऊ शकत नाही, हा चंद्रशेखरांचा निष्कर्ष समजायला फर्मी वितरण आणि विशेष सापेक्षता दोन्ही लागतात. नुसतं ‘थर्मोडायनॅमिक्स’ असेल आणि सांख्यिकीय भाग एका युनिटात गुंडाळलेला असेल तर ती उणीव आहे.

गणिती पद्धतींत फूरिये रूपांतर, जटिल चलांची फलनं, अवकल समीकरणं हवीतच. फूरिये म्हणजे परीक्षेपुरतं काहीतरी, असं वाटत असेल तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघून या. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, आणि त्यांतली प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एक-एक फूरिये घटक मोजत असते. चित्र नंतर संगणकावर जुळवायचं. हे गणित अंगवळणी नसेल तर रेडिओ खगोलशास्त्र पहिल्याच आठवड्यात परकं वाटू लागतं.

प्रोग्रॅमिंग पहिल्या वर्षापासून असलं पाहिजे आणि ते पायथनमध्ये असेल तर उत्तम. काही ठिकाणी अजून एकच सत्र सी शिकवून विषय संपवतात. तसं असेल तर बाकीचं स्वतः शिकायची तयारी ठेवा. गाया उपग्रहाने केलेल्या ताऱ्यांच्या मोजमापांचा साठा कुणालाही खुला आहे, सरावाला तो पुरतो.

‘बी.एस्सी. ॲस्ट्रोफिजिक्स’ किंवा ‘स्पेस सायन्स’ नावाच्या पदवीला हीच चाळणी लावा. पहिल्या दोन वर्षांत ‘विश्वाची ओळख’, ‘अवकाश मोहिमांचा इतिहास’, ‘अवकाश कायदा’ असे विषय भरलेले आणि क्वांटम एकच सत्र, असं चित्र असेल तर नाव कितीही आकर्षक असो, पुढच्या प्रवेश परीक्षांना ती पदवी पुरी पडणार नाही. याउलट भौतिकीचा पाया पूर्ण ठेवून वर खगोलाचे तीन-चार विषय दिले असतील तर जरूर विचार करा.

पाचवी पायरी: प्रयोगशाळेत एक तास

शक्य असेल तर प्रवेशाआधी एकदा प्रत्यक्ष जा. माहितीपत्रकातला दुर्बिणीचा फोटो बघून भारावून जायची गरज नाही. गच्चीवर आठ इंची दुर्बीण असणं छान, पण शहराच्या उजेडात ती वर्षातून चार वेळा बाहेर निघते, तीही बहुधा ग्रहण असलं की. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची लॅब बघायची विनंती करा. फ्रँक-हर्ट्झ, मायकेलसन इंटरफेरोमीटर, हॉल परिणाम, गॅमा स्पेक्ट्रोमीटर यांतलं काय चालू स्थितीत आहे? एका सेटवर किती जण काम करतात? दोघं असतील तर उत्तम, चौघं असतील तर दोघं नुसते बघत बसतात.

मग एखाद्या विद्यार्थ्याचं जर्नल मागून घ्या आणि न्यूटन्स रिंग्जचा (प्रकाशाच्या कड्यांवरून तरंगलांबी मोजायचा) प्रयोग उघडा. जवळजवळ प्रत्येक कॉलेजात हा असतो आणि विभागाची संस्कृती त्यातून लख्ख दिसते. भिंगाची वक्रता त्रिज्या १०० सेंटिमीटर आणि सोडियमचा दिवा असेल तर दहाव्या कड्याचा व्यास सुमारे ४.८६ मिलिमीटर येतो, विसाव्याचा ६.८७. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचं लघुतम माप (लीस्ट काउंट) ०.०१ मिलिमीटर. व्यास म्हणजे डाव्या आणि उजव्या वाचनांतला फरक, म्हणजे त्यात दोनदा त्रुटी शिरते. या दोन कड्यांवरून तरंगलांबी काढली तर फक्त वाचनांमुळेच सुमारे एक टक्का अनिश्चितता येते, म्हणजे ५८९३ अँगस्ट्रॉमच्या अलीकडे-पलीकडे साठेक अँगस्ट्रॉम. भिंगाच्या त्रिज्येतली त्रुटी वेगळीच. जर्नलमध्ये ५८४० किंवा ५९५० आलंय, शेजारी अधिक-उणे करून त्रुटी लिहिलीय, व्यासाच्या वर्गाचा आलेख काढून उतारावरून उत्तर काढलंय, तर इथे प्रयोग खरंच होतात. पाच जर्नलांत पाचही जणांचं उत्तर ५८९०च्या आसपास आणि त्रुटीचा रकानाच नाही, तर वाचनं मागून भरली जातात. खगोलशास्त्र हे उभं आडवं त्रुटींच्या हिशेबावर चालतं, त्यामुळे ही सवय पहिल्या वर्षी लागली नाही तर नंतर फार त्रास देते.

इलेक्ट्रॉनिक्सकडेही नाक मुरडू नका. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तिथे लागणार आहेत लेझर, निर्वात तंत्र, कंपनरोधन आणि नियंत्रणप्रणाली जाणणारी माणसं. उपकरणं बांधणारा खगोलशास्त्रज्ञ आपल्याकडे दुर्मीळ आहे आणि त्याला मागणी आहे.

सहावी पायरी: शिकवणारे कोण, आणि प्रकल्प कुणाकडे

विभागाच्या पानावर प्राध्यापकांची यादी असते. त्यांतली चार-पाच नावं नासा एडीएस किंवा अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या संकेतस्थळांवर टाकून बघा. दोन्ही मोफत आहेत. गेल्या पाच वर्षांत काही लिहिलंय का आणि सहलेखकांत विद्यार्थ्यांची नावं आहेत का, एवढंच पाहायचं. लेखांची संख्या मोजत बसू नका. उत्तम शिकवणारा पण कमी लिहिणारा प्राध्यापक पदवीच्या मुलासाठी मोलाचा असतो, त्याची माहिती फक्त तिथल्या मुलांकडून मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: ‘सरांनी शेवटचं प्रकरण पूर्ण केलं का? शंका विचारायला केबिनमध्ये जाता येतं का? कंत्राटी शिक्षक किती आहेत?’ हा तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण वर्षाच्या मध्यात शिक्षक बदलला की विषय विस्कटतो.

एनआयआरएफचं रँकिंग आणि नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेची असते. त्यावरून भौतिकशास्त्र विभागाबद्दल काहीही कळत नाही.

कॉलेजात चौथं वर्ष करायचं असेल तर ‘ऑनर्स विथ रिसर्च’ तिथे आहे का, हे लेखी माहितीपत्रकात शोधा. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असावे लागतात. प्रवेशाच्या वेळी ‘हो, आहे ना’ म्हणतात आणि तीन वर्षांनी मार्गदर्शक निवृत्त झालेले असतात.

कॉलेजातूनच जायचं ठरलं तर

आयएटी-नेस्टला यश मिळालं नाही म्हणून घरीच एक वर्ष थांबण्यापेक्षा चांगल्या कॉलेजात एफ.वाय.ला प्रवेश घ्यावा. आयएटी साधारणपणे बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी देता येते, म्हणजे एफ.वाय. करता करता एक संधी हातात राहते.

मेजर भौतिकशास्त्र, मायनर गणित. इथे काटकसर नको. एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा असते, आणि बऱ्याच आयआयटी पदवीला किमान वर्षभर गणित असल्याची अट घालतात. मायनर म्हणून सोपा विषय घेतलेल्या मुलांना जॅममध्ये गुण मिळूनही दार बंद दिसतं, आणि तोवर बदल करायची वेळ निघून गेलेली असते. ओपन इलेक्टिव्ह मात्र खुशाल आवडीचा घ्या.

मग सुट्ट्या. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी आहे. विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप असते. आयुकाचा व्हीएसपी आणि टीआयएफआर-एनसीआरएचा व्हीएसआरपी हे उन्हाळ्यातले प्रकल्प, आणि डिसेंबरच्या सुमारास पुण्यात रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा. उन्हाळी प्रकल्पांचे अर्ज चार-सहा महिने आधी निघतात, म्हणून दिवाळीनंतर दर आठवड्याला संकेतस्थळं चाळायची. शिफारसपत्र लागतं, ज्या सरांनी तुम्हाला फक्त हजेरीत पाहिलंय ते काय लिहिणार? एखादा छोटा प्रकल्प त्यांच्यासोबत आधी करा. पुठ्ठा आणि ॲल्युमिनियम फॉइलचा शिंगाकृती अँटेना आणि स्वस्तातला एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेऊन १४२० मेगाहर्ट्झवरची आकाशगंगेतली हायड्रोजनची रेषा पकडता येते. कॉलेजच्या गच्चीवर हे जमतं. ढग असले तरी चालतं, मोबाइल टॉवर जवळ असेल तर मात्र फिल्टर लागतो.

कागदपत्रं: सर्वांत जास्त प्रवेश इथे हुकतात

राज्याचे आणि केंद्राचे दाखले वेगळे असतात. आयसर, नायसर, आयआयटी या केंद्राच्या संस्था. ओबीसी असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र लागतं, आणि ते चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे साधारणपणे १ एप्रिलनंतर काढलेलं. राज्याच्या सीईटीसाठी काढलेला दाखला अपलोड केला की अर्ज अडकतो. व्हीजेएनटी आणि एसबीसी हे प्रवर्ग केंद्रात नाहीत, पण त्यांतल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. जातीचं नेमकं नाव त्या यादीत बघा. एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत चालत नाही. त्या मुलांनी ईडब्ल्यूएसची पात्रता तपासावी: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी, शिवाय घर-प्लॉटच्या मर्यादा. सेतू केंद्रात ‘केंद्र शासनासाठीचा नमुना’ असं स्पष्ट सांगा. एप्रिल-मेमध्ये तहसील कार्यालयात गर्दी असते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकलेला बरा.

पैशांचंही इथेच बघून घ्या. केंद्र सरकारची इन्स्पायर-शी शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांची: ६० हजार हातात आणि २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठी. बारावीला आपल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात असणं हा तिचा मुख्य निकष. ती मूलभूत विज्ञानाच्या पदवीलाच मिळते, अगदी गावच्या कॉलेजातल्या बी.एस्सी.लाही, बी.टेक.ला नाही. नायसर आणि सीबीएसमध्ये दिशा ही तशीच शिष्यवृत्ती आहे.

परदेश

जर्मनीचा विचार खूप घरांत होतो, कारण बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो द्यावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी सुरू केलीय. नुसत्या बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असाल, किंवा भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलं असेल तर विज्ञान शाखेचा रस्ता खुला होतो. पदवी बहुतांशी जर्मन भाषेत असते. लाइपत्सिग विद्यापीठाचा इंग्रजीतला भौतिकी अभ्यासक्रम हा अपवाद. ब्रिटनमध्ये ‘फिजिक्स विथ ॲस्ट्रोफिजिक्स’ सर्रास मिळते आणि तिथे पाया पक्का ठेवलेला असतो, पण फी आणि राहणं मिळून खर्च इतका होतो की शिष्यवृत्तीशिवाय पदवीला जाण्याची घाई नको. पीएच.डी.ला बाहेर गेलात तर बहुतेक ठिकाणी पगार किंवा विद्यावेतन मिळतं.

पसंतीक्रम आणि शेवटची धावपळ

जेईई मेन जानेवारी आणि एप्रिलमध्ये, ॲडव्हान्स्ड मेमध्ये, आयएटी आणि नेस्ट मे-जूनमध्ये. प्रवेशफेऱ्या जुलै-ऑगस्टपर्यंत रेंगाळतात आणि कॉलेजांचे प्रवेश त्याआधीच भरतात. म्हणून कॉलेजात प्रवेश घेऊन ठेवायचा आणि फेऱ्यांकडे लक्ष ठेवायचं. आयसरचा पसंतीक्रम भरताना खरोखर हव्या त्या क्रमानेच भरा. ‘हे मिळणार नाही’ म्हणून वरचं नाव खाली टाकण्यात फायदा काहीच नाही, तोटा मात्र होऊ शकतो. जिथे जायचंच नाही ते नाव यादीत ठेवू नका.

कॉलेजात मूळ शाळा सोडल्याचा दाखला जमा करण्याआधी त्याच्या आणि गुणपत्रिकेच्या पाच-सहा साक्षांकित प्रती आणि रंगीत स्कॅन काढून ठेवा. यूजीसीच्या सूचनांनुसार संस्थेने मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नसतात आणि ठरावीक तारखेपर्यंत प्रवेश रद्द केला तर फी परत करायची असते. ती तारीख दरवर्षी जाहीर होते. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. बाहेरच्या राज्यात जाताना बोर्डाचं मायग्रेशन प्रमाणपत्र मागतात, ते विभागीय मंडळाकडून मिळायला काही दिवस लागतात. निकाल लागला की लगेच अर्ज करून टाका.